दिवा दिसला, खूण दिसली नाही

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. पुण्यात पौड रस्त्याच्या कडेला मी रिक्षाची वाट पाहत उभा होतो. चांदणी चौकाच्या बाजूने एक नवी मोटार आली, दुभाजकातल्या मोकळ्या जागेशी क्षणभर थांबली आणि उजवीकडच्या गल्लीत वळू लागली. त्याच वेळी डेक्कनकडून एक तरुण दुचाकीवरून सरळ येत होता. त्याने ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. दुचाकी मोटारीच्या डाव्या दारावर आदळली. हेल्मेटमुळे डोके वाचले. गळ्याजवळचे हाड मात्र मोडले.

गर्दी जमली. मोटारीतले मध्यमवयीन गृहस्थ थरथरत पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “अहो, मी इंडिकेटर दिला होता!” आणि रस्त्याच्या कडेला बसवलेला तो तरुण वेदनेने ओठ आवळत म्हणत होता, “लाइट दिसला काका, इंडिकेटर नाही दिसला.” जमलेल्या लोकांनी आपापली बाजू निवडली. काही जणांना तरुण बेफाम वाटला, काहींना मोटारवाला खोटारडा.

इंडिकेटर अजून चालूच होता. मी ज्या दिशेने तो तरुण आला होता तिकडे तीसेक पावले चालत गेलो आणि मागे वळून पाहिले. सूर्य मोटारीच्या मागे, पश्चिमेला कललेला होता. मोटारीच्या तोंडावरची पांढऱ्या दिव्याची धारदार कमान तिथूनही डोळ्यांत भरत होती. तिच्या खाली चिकटून एक बारीक नारिंगी रेघ उघडझाप करत होती. कुठे पाहायचे हे आधी ठाऊक होते म्हणून मला ती सापडली. ठाऊक नसते तर सापडली असती का, याची मला खात्री नाही.

म्हणजे दोघेही खरे बोलत होते. एकाने खूण केली होती, दुसऱ्याला ती दिसली नव्हती. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी गेले वर्षभर मी मोटारींच्या दिव्यांचा इतिहास, त्यांचे नियम आणि त्यांची रचना धुंडाळत आहे. त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडतो.

दिव्याची तीन कामे

मोटारीवरचे सगळे दिवे आपण एकाच शब्दाने ओळखतो, पण त्यांची कामे तीन वेगवेगळी आहेत. पहिले काम पाहण्याचे. हेडलाइट चालकाला रस्ता दाखवतो. दुसरे काम दिसण्याचे. टेललाइट, पार्किंगचा छोटा दिवा आणि अलीकडचे ‘डे-टाइम रनिंग लाइट’, म्हणजे बोलीभाषेत डीआरएल, हे इतरांना सांगतात की इथे एक वाहन आहे. तिसरे काम बोलण्याचे. ब्रेकलाइट म्हणतो ‘मी वेग कमी करतो आहे’, इंडिकेटर म्हणतो ‘मी या बाजूला वळणार आहे’.

पहिल्या दोन कामांना भरपूर प्रकाश पुरतो. तिसऱ्याला तो पुरत नाही. खूण वाचता यावी लागते आणि वाचता येण्यासाठी तिच्याभोवती मोकळी जागा लागते. काळ्या पाटीवर खडूची बारीक रेघ लांबून वाचता येते. तीच रेघ पांढऱ्या भिंतीवर काढली तर तिच्यापुढे उभे राहूनही दिसत नाही. इंडिकेटरचे तसेच आहे. तो किती प्रखर आहे यापेक्षा त्याच्या शेजारी काय आहे, यावर त्याचे दिसणे अधिक अवलंबून असते.

आजच्या मोटारीत दुसऱ्या कामाने तिसऱ्याची जागा खाल्ली आहे, असे माझे म्हणणे आहे.

हात, पंख आणि उघडझाप

मोटारी उघड्या होत्या तेव्हा वळण्याची खूण हाताने होत असे. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, म्हणून उजवा हात आडवा बाहेर काढला की उजवे वळण आणि तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवला की डावे. या हातखुणा आपल्या वाहतुकीच्या नियमांत पुढेही टिकून राहिल्या. पण मोटारींना छप्पर आणि काचा आल्या, प्रवास रात्री आणि पावसातही होऊ लागला, आणि हात अपुरा पडू लागला.

त्यावर युरोपात १९३० च्या दशकात एक सुरेख यांत्रिक उपाय रूढ झाला, तो म्हणजे ट्रॅफिकेटर. मोटारीच्या बाजूच्या खांबात एक छोटा हात दडवलेला असे. कळ फिरवली की तो पंखासारखा बाहेर येई आणि त्यातला नारिंगी दिवा लागे. जुन्या मॉरिस मायनर मोटारींचे हे पंख अनेक वाचकांना आठवत असतील. ते अधूनमधून अडकत, मग आतून खांबावर एक बुक्की मारावी लागे. पण खूण म्हणून त्या पंखात एक मोठा गुण होता. तो मोटारीची बाह्यरेषाच बदलून टाकत असे. ज्या बाजूने पंख आला ती बाजू. शेजारी गोंधळ घालायला दुसरे काही नसे.

अमेरिकेत १९३९ च्या सुमारास ब्युइकने कारखान्यातूनच बसवलेला उघडझाप करणारा इंडिकेटर आणला. युरोपातही पुढच्या वीस वर्षांत पंख गळून पडले आणि लुकलुकणारा दिवा सर्वमान्य झाला. सुरुवातीला अमेरिकेत पुढचा इंडिकेटर पांढराच असे. हेडलाइट पांढरा, क्रोमवर चमकणारे ऊन पांढरे आणि इंडिकेटरही पांढरा. या गर्दीत खूण हरवते हे ध्यानात आले आणि १९६३ च्या मॉडेलांपासून तिथे पुढचा इंडिकेटर नारिंगी झाला. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण साठ वर्षांनी आपण फिरून त्याच जागी आलो आहोत.

डोळा खूण कशी वाचतो

इंडिकेटर ओळखण्यासाठी डोळ्याला तीन गोष्टींचा आधार असतो: रंग, लय आणि जागा.

रंगाचे महत्त्व मागच्या दिव्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. भारतात आणि युरोपात मागचा इंडिकेटर नारिंगीच असावा लागतो. अमेरिकेत तो लालही चालतो. तिथे टेललाइट लाल, ब्रेकलाइट लाल आणि इंडिकेटरही लाल अशा मोटारी लाखोंनी आहेत. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ साली दोन्ही प्रकारच्या मोटारींच्या अपघातांची तुलना प्रसिद्ध केली. पुढची मोटार वळत असताना किंवा मार्गिका बदलत असताना तिला मागून बसणाऱ्या धडकांचे प्रमाण नारिंगी इंडिकेटरमुळे ५.३ टक्क्यांनी कमी आढळले. एक छटा बदलून, जवळजवळ फुकटात मिळणारा हा फायदा आहे.

लयीचा नियम तर जगभर जवळपास सारखाच आहे. मिनिटाला ६० ते १२० उघडझापा, आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तेच. यापेक्षा संथ झाली तर ओझरती नजर नेमकी अंधाराच्या क्षणावर पडू शकते. यापेक्षा जलद झाली तर जुन्या बल्बची तार थंड व्हायच्या आतच पुन्हा तापते आणि दिवा लुकलुकण्याऐवजी सतत लागल्यासारखा वाटतो. नजरेच्या कडेला, जिथे आपल्याला अक्षर वाचता येत नाही आणि रंगही नीट कळत नाही, तिथेही बदल चटकन कळतो. कोपऱ्यातली पाल हलली की मान आपोआप वळते ना, तसे. इंडिकेटर लुकलुकतो तो यासाठी.

जुन्या मोटारीत हे लुकलुकणे गरम झाल्यावर वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर चाले. ‘टिक-टिक’ आवाज त्या फ्लॅशरचाच. एक बल्ब गेला की वीजप्रवाह बदले आणि टिकटिक एकदम वेगाने होऊ लागे. ती चालकासाठी सूचना होती. आज तो आवाज बहुतेक मोटारींत स्पीकरमधून मुद्दाम वाजवला जातो. यंत्र गेले, सवय राहिली.

तिसरी गोष्ट जागा. इंडिकेटरने दिशा सांगायची असते, म्हणून तो मोटारीच्या कडेला, बाजूबाजूला आणि ठरावीक उंचीच्या आत असावा लागतो. ही जागा किती महत्त्वाची असते याचे एक उदाहरण ब्रेकलाइटचे आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात टॅक्सींवर मागच्या काचेजवळ, उंचावर, तिसरा ब्रेकलाइट लावून पाहिला गेला. तेव्हा मागून बसणाऱ्या धडका निम्म्याहून कमी झाल्या. १९८६ च्या मॉडेलांपासून तो तिथे सक्तीचा झाला. तो इतर दिव्यांपासून वेगळा, एकटा, डोळ्यांच्या पातळीवर होता आणि एकच गोष्ट बोलत होता. पण पुढे सगळ्याच मोटारींना तो आल्यावर १९९८ च्या मूल्यमापनात त्याचा टिकाऊ फायदा ४.३ टक्के निघाला. नव्या दिव्याकडे लोक पाहतात. सरावाच्या दिव्याकडे सवयीने पाहतात. वेगळी जागा एवढाच त्याचा खरा, टिकणारा नफा.

दिवसा दिवा कशाला?

दिवसा दिवे लावून मोटार चालवण्याची कल्पना उत्तर युरोपातली. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर ती सक्तीची केली, स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभरासाठी. तिथला हिवाळ्यातला दिवस म्हणजे लांबलेली संधिप्रकाशाची वेळ. सूर्य क्षितिजाला टेकून चालतो, सावल्या लांब पडतात आणि राखाडी रस्त्यावर राखाडी मोटार विरघळून जाते. तिथे दिवा लावणे शहाणपणाचेच होते. कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर तयार होणाऱ्या नव्या वाहनांना दिवसाचे दिवे सक्तीचे केले आणि युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना.

या कल्पनेला तेव्हाही सरसकट होकार नव्हता. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये दिवसा हेडलाइट लावण्याची सक्ती केली आणि २००८ च्या सुरुवातीला ती मागे घेतली. सगळ्याच मोटारी उजळल्या तर ज्यांच्याकडे दिवा नाही किंवा एकच छोटा दिवा आहे, ते पादचारी आणि दुचाकीस्वार त्या झगमगाटात मागे पडतात, अशी चिंता तिथे व्यक्त झाली होती.

आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. दुचाकी अरुंद असते, समोरून येताना तिचे अंतर आणि वेग चटकन कळत नाहीत, म्हणून तिला हा आधार मिळाला. त्याच काळात मोटारींवरही डीआरएल आले, पण ते येताना सुरक्षेबरोबर आणखी एक गोष्ट घेऊन आले.

ती गोष्ट म्हणजे चेहरा. एलईडी येईपर्यंत दिवा म्हणजे बल्ब, त्यामागे वाटीसारखा आरसा आणि पुढे काच. त्याला जाडी लागे, जागा लागे. एलईडी तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्याची रेघ काढता येते, कमान काढता येते, भुवई काढता येते. २००० नंतरच्या दशकात ऑडीने अशी प्रकाशरेघ आपली ओळख बनवली आणि मग प्रत्येक कंपनीला आपली सही हवीशी वाटू लागली. आज शोरूममध्ये विक्रेता ग्राहकाला मोटारीचा ‘लुक’ दाखवतो तो बहुधा डीआरएल लावून. इंडिकेटर लावून कुणी मोटार विकत नाही.

चाळीस मिलिमीटरचा प्रश्न

आता आकड्यांकडे वळू. दिव्याची तीव्रता कँडेला या एककात मोजतात. साध्या मेणबत्तीची तीव्रता साधारण एक कँडेला. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार डीआरएल ४०० ते १२०० कँडेलाचा असतो. पुढच्या इंडिकेटरची किमान तीव्रता १७५ कँडेला. म्हणजे कागदावर पूर्णपणे नियमात बसणाऱ्या एखाद्या मोटारीत सतत जळणारा पांढरा दिवा हा उघडझाप करणाऱ्या नारिंगी दिव्याच्या जवळजवळ सातपट प्रखर असू शकतो.

नियम करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे नाही. इंडिकेटर हेडलाइटच्या डिपरपासून ४० मिलिमीटर किंवा अधिक दूर असेल तर १७५ कँडेला पुरतात. अंतर त्याहून कमी असेल तर किमान २५०, आणि २० मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर ४००. याचा अर्थ सरळ आहे: गोंगाटाजवळ उभे राहणार असाल तर मोठ्याने बोला. डीआरएलसाठी दुसरा मार्ग आहे. इंडिकेटर आणि डीआरएल यांच्यात ४० मिलिमीटर किंवा कमी अंतर असेल तर इंडिकेटर चालू असेपर्यंत त्या बाजूचा डीआरएल विझवता किंवा मंद करता येतो. दोन्ही कामे एकाच दिव्यातून होत असतील, म्हणजे तीच पट्टी पांढऱ्याची नारिंगी होत असेल, तर मात्र पांढरा दिवा पूर्ण विझवावाच लागतो.

इथे एक बारीक फरक आहे. एकाच पट्टीसाठी ‘विझवावा’. शेजारच्या पट्टीसाठी ‘विझवता येतो’. आणि अंतर ४० मिलिमीटरहून थोडे जास्त, समजा तीन बोटे असेल, तर या अटीचा विषयच संपला. पण तीस-चाळीस पावलांवरून, मावळत्या उन्हात, तीन बोटांचे अंतर डोळ्याला अंतर वाटतच नाही. वय झालेल्या डोळ्याला तर नाहीच. मोतीबिंदूची सुरुवात असली की डोळ्याच्या आत प्रकाश विखुरतो आणि प्रखर दिव्याभोवती धुक्याचे कडे उभे राहते. त्या कड्यात शेजारची बारीक रेघ बुडून जाते.

दुसरी अडचण काचेची. जुन्या इंडिकेटरची काच स्वतःच नारिंगी असे. दिवा बंद असला तरी तो इंडिकेटर आहे हे कळे आणि बाहेरून पडणारे ऊन त्या रंगात बरेचसे शोषले जाई. आता काच पारदर्शक असते आणि आत चकाकणारा आरसा. ऊन समोरून पडले की आरसाच चमकतो आणि त्या चमकेवर नारिंगी दिवा फिका दिसतो. त्यावर हौसेने धुरकट रंगाची फिल्म चिकटवली तर उरलेसुरले संपले.

एलईडीने काहीच दिले नाही, असे मात्र म्हणू नये. जुन्या बल्बची तार पूर्ण तापायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. एलईडी जवळजवळ तत्काळ लागतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात मागची मोटार साडेपाच मीटर पुढे येते. ब्रेकलाइटमध्ये एलईडीने खरोखर जीव वाचवले असतील. दोष एलईडीचा नाही, त्याने मिळालेले स्वातंत्र्य कुठे वापरले याचा आहे.

खाली गेलेले दिवे, धावणारे दिवे

मोटारीच्या मागच्या बाजूलाही हीच ओढाताण दिसते. टेललाइटची बारीक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि तिच्यात इंडिकेटरला जागा उरत नाही. मग तो बंपरमध्ये जातो. नियमांनुसार इंडिकेटर जमिनीपासून ३५० मिलिमीटर उंचीपर्यंत खाली आणता येतो. म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्याही खाली. मोकळ्या महामार्गावर तो दिसेल. पण आपल्या शहरात दोन मोटारींच्या मधल्या प्रत्येक फटीत एक दुचाकी असते. मागून तिसऱ्या रांगेतल्या माणसाला पुढच्या मोटारीचे छप्पर दिसते, काच दिसते, तिसरा ब्रेकलाइट दिसतो. बंपर दिसत नाही.

पुढच्या बाजूला दिव्यांची फाळणी झाली आहे. बारीक पट्टी वर, बॉनेटच्या कडेला, आणि हेडलाइट खाली बंपरमध्ये. २०१९ मध्ये आलेल्या टाटा हॅरियरमध्ये वरची डीआरएलची पट्टीच इंडिकेटरचे काम करत असे. या मांडणीत इंडिकेटर उंचावर राहतो आणि त्याच्या वेळी त्या बाजूचा पांढरा दिवा विझतो, हे दोन्ही खुणेच्या दृष्टीने चांगलेच. मोटार देखणी करूनही खूण वाचती ठेवता येते. विचार मात्र करावा लागतो.

मग येतात धावणारे इंडिकेटर, आतून बाहेर वाहत जाणारे. कल्पना नवी नाही. १९६५ च्या फोर्ड थंडरबर्डच्या मागच्या दिव्यांत ती होती. दिशा सांगायला हालचाल उपयोगी पडते, यात शंका नाही. पण नियमाने तिला शिस्त लावली आहे: पट्टी आतून बाहेर, जास्तीत जास्त २०० मिलिसेकंदांत पूर्ण भरली पाहिजे आणि लागलेला प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत लागलेला राहिला पाहिजे. म्हणजे प्रत्येक उघडझापीत संपूर्ण दिवा दिसतोच. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त पट्ट्यांत नुसता एक ठिपका पळत राहतो. पूर्ण दिवा कधी लागतच नाही. लुकलुकण्याची लयही राहत नाही आणि आकारही.

पुढे उजेड, मागे अंधार

डीआरएलने आणखी एक फसवणूक आणली आहे आणि ती जास्त गंभीर आहे. डीआरएल साधारणपणे फक्त पुढे लागतो. मागचे दिवे त्याच्याबरोबर लागतीलच असे नाही. पूर्वी अंधार पडू लागला की डॅशबोर्डवरचे काटे दिसेनासे होत आणि हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जाई. आता डॅशबोर्ड म्हणजे पडदा, तो चोवीस तास उजळलेला. पुढे रस्त्यावर डीआरएलचा थोडा प्रकाश पडलेला, आत पडदा उजळलेला. चालकाला वाटते दिवे लागले आहेत. मागून मात्र मोटार काळी ठिक्कर. कॅनडात अशा मोटारींना ‘भुताटकीच्या गाड्या’ अशा अर्थाचे नाव पडले आणि सप्टेंबर २०२१ पासून तिथे नव्या मोटारींना अट घातली गेली: डीआरएलबरोबर टेललाइटही लागावा, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड काळाच राहावा. तिसऱ्या पर्यायातला शहाणपणा मला फार आवडतो. त्यात यंत्र माणसाला त्याची जुनी सवय परत देते.

आपली रस्त्यावरची बोली

इथवर दोष रचनेचा होता. पण खूण वाचता येण्यासाठी लिहिणाराही एकाच लिपीत लिहिणारा हवा, आणि तिथे आपण कमी पडतो.

चौकात सरळ जायचे असले की आपल्याकडे अनेक चालक चारही इंडिकेटर लावतात. आपण त्यांना ‘पार्किंग लाइट’ म्हणतो. पावसात लावतात, घाटात लावतात, द्रुतगती मार्गाच्या बोगद्यात लावतात. हेतू चांगला असतो. पण समोरच्याला मोटारीची एकच बाजू दिसत असेल, दुसरी ट्रकमागे झाकली गेली असेल, तर त्याला चार दिव्यांतला एकच लुकलुकताना दिसतो आणि तो समजतो की ही मोटार वळणार. शिवाय चारही चालू असताना खरोखर वळायचे असले तर सांगायचे कशाने? ती खूण थांबलेल्या किंवा बिघडलेल्या वाहनासाठी आहे.

दोनपदरी रस्त्यावर ट्रकचालक उजवा इंडिकेटर लावतो. कधी त्याचा अर्थ ‘समोर रस्ता मोकळा आहे, ये पुढे’ असतो, कधी ‘मीच उजवीकडे वळतोय’. पूर्वी क्लीनर हात बाहेर काढून खूण करी, तो माणसाचा हात होता आणि त्यात ‘ये’ आणि ‘थांब’ वेगळे दिसत. दिव्यात ते वेगळे दिसत नाहीत. एका शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ असलेली भाषा घरात चालते, महामार्गावर चालत नाही.

आणि दुचाकीस्वार? बहुतेक दुचाकींचा इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद होत नाही. तो विसरला जातो आणि दोन चौक लुकलुकत राहतो. मग लोक इंडिकेटरवर विश्वास ठेवणेच सोडतात. न दिसणाऱ्या खुणेइतकीच खोटी खूणही घातक असते.

हे सगळे वाचायचे कोणाला आहे, ते एकदा पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर शंभरातली चौसष्ट. ही सगळी इंडिकेटरमुळे गेली असे कुणी म्हणणार नाही. पण मोटारीचा इंडिकेटर ज्यांनी वाचायचा असतो, ज्यांचे शरीर आणि रस्ता यांच्यात पत्रा नसतो, ती माणसे ही आहेत. युरोपातल्या रुंद रस्त्यावर मोटारीने मोटारीला केलेली खूण आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी मोटारीने दुचाकीला केलेली खूण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काय करता येईल

ज्या रस्त्यावर तो अपघात झाला त्याच्या उत्तरेला वेताळ टेकडी आहे आणि टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजे एआरएआय. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत वाहनांच्या चाचण्या होतात आणि भारतीय वाहन-मानकांच्या कामातही तिचा मोठा वाटा असतो. वाहनावर दिवे कुठे आणि कसे बसवायचे याचे ‘एआयएस ००८’ हे मानक त्याच मालिकेतले. ही मानके बऱ्याच अंशी संयुक्त राष्ट्रांच्या नियमांना धरून आहेत आणि ते योग्यच आहे, कारण मोटारी निर्यातही होतात. पण आपल्या रस्त्याला शोभेल असे थोडे अधिक मागायला हरकत नसावी. डीआरएलच्या शेजारी इंडिकेटर असेल तर त्याच्या वेळी तो ‘विझवता येतो’ ऐवजी ‘विझवावा’ एवढा एक शब्द बदलावा आणि चाळीस मिलिमीटरची हद्द थोडी वाढवावी. मागचा इंडिकेटर गुडघ्याच्या वर असावा. डीआरएल लागला की टेललाइटही लागावा. यातल्या कशालाही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

तोवर आपण स्वतःही एक गोष्ट करू शकतो. मोटार असेल तर एखाद्या दुपारी ती उन्हात उभी करा, इंजिन सुरू ठेवून डीआरएल लागू द्या, उजवा इंडिकेटर लावा आणि घरातल्या कुणाला तरी गाडीत बसवून स्वतः चाळीस पावले दूर जा. मग मागे वळून पाहा. दिसला का? किती वेळाने दिसला? आता खाली बसा, दुचाकीवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि पुन्हा पाहा. मी हे आमच्या सोसायटीतल्या शेजाऱ्यांच्या मोटारींवर करून पाहिले. मोटारीचे मालक माझ्याइतकेच चकित झाले. आपली खूण दुसऱ्याला कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. पाहणार तरी कसे, इंडिकेटर ही मोटारीची एकच वस्तू अशी की जी मालक पैसे देऊन विकत घेतो आणि वापरतात ते बाकीचे सगळे.

ज्यांच्या मोटारीत खूण कमजोर आहे त्यांनी ती लवकर द्यावी, जास्त वेळ द्यावी आणि दिली म्हणजे समोरच्याला पोचली असे धरू नये. अंधारून आले की डीआरएलवर न विसंबता हेडलाइट लावावा. चारही इंडिकेटर थांबल्यावरच लावावेत. आणि दुचाकीवर असाल तर समोरच्या मोटारीच्या दिव्यापेक्षा तिच्या चाकांकडे लक्ष ठेवावे. मोटार वळायच्या आधी चाक वळते.

त्या तरुणाला मी पुढे एकदा भेटलो. हात गळ्यात बांधलेला होता. महिनाभर कामावर जाता आले नव्हते. मी त्याला माझी सगळी आकडेमोड सांगितली, कँडेला, मिलिमीटर, सगळे. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे काका, ते खोटं बोलत नव्हते?” मी म्हटले, नाही. तो म्हणाला, “मग मी त्यांना फार बोललो त्या दिवशी.”

या दिवाळीत आपल्या इमारतीवर नेहमीसारखी रोषणाई लागली आहे. हजार दिवे आहेत आणि एकही लक्षात राहत नाही. रात्री उशिरा माळा बंद झाल्यावर तळमजल्यावरच्या आजींची तुळशीपाशी लावलेली पणती मात्र रस्त्याच्या टोकापासून दिसते.